पोटावर बांधलेलं पाणी

शाळेचे गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात, सुटताना बायकांच्या पिशव्या तपासायला गेटवर आत्या असायच्या. सगळ्यांच्याच आत्या. आवाज खणखणीत, नजर घारीची. अठरा वर्षांत त्यांच्या हातून एक बटणसुद्धा निसटलं नव्हतं.

एका संध्याकाळी काज करणारी बाई अवघडत चालत आली. आत्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं.

"कितवा गं?"

"सातवा, आत्या."

"सकाळी तर पहिलासुद्धा नव्हता!"

बाईला हसू फुटलं आणि हसताना पोट डुचमळलं. ओढणीखाली शेकायची रबरी पिशवी बांधलेली, पाण्याने तट्ट भरलेली! मग काय, आत्यांनी एकेकीला झडझडून तपासलं. जेवणाच्या डब्यांत पाणी, थर्मासमध्ये पाणी. एकीने तर मशीनच्या तेलाचा डबा घासूनपुसून भरला होता.

बातमी मॅनेजरसाहेबांपर्यंत गेली. चिडले की त्यांचे कान लाल व्हायचे.

"पाणीचोर! उद्यापासून कारखान्याच्या नळाला कुलूप. पुन्हा सापडेल तिला घरी बसवा."

आत्यांनी मान डोलावली, पण त्यांना चैन पडेना. दिवसभर कापडाच्या ढिगात बसून ज्या चिंधीला हात लावत नाहीत, त्या पाणी कशाला चोरतील?

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, अठरा वर्षांतली पहिली, आणि थेट काजवालीच्या गल्लीत गेल्या. कारखान्यातल्या बहुतेक बायका तिथेच राहायच्या. अख्ख्या गल्लीत एकच नळ. त्यापुढे बादल्यांची रांग, आणि रांगेत सगळी म्हातारी मंडळी. साडेनऊला नळाने दोनदा खोकून पाणी सोडलं, साडेदहाला बंद. कारखान्याचा भोंगा नऊचा.

"ज्यांच्या घरी माणूस नाही, ते काय करतात हो?" आत्यांनी एका आजोबांना विचारलं.

"काय करणार? माझी सून तुमच्याकडे बटणं लावते. तिच्यासाठी मी आहे. शेजारणीला कोण आहे?"

आत्यांना आठवलं, बटणवालीची पिशवी कोरडी निघाली होती. त्यांनी गल्लीभर फिरून दारं पाहिली. दाराला कुलूप ती चोर, दारात सासरा ती साव. एकही घर चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, भोंगा अकराला वाजवा. सुटायचं तेवढंच उशिरा."

"चोरांच्या सोयीने कारखाना चालवू?"

"जन्मजात चोर नाहीत त्या. साडेनऊला नळ येतो, म्हणून झाल्यात."

साहेबांचे कान लाल झाले. मग लाली हळूहळू उतरली.

"अकराला म्हणजे... मलाही अकरालाच यावं लागेल?"

"लागेलच की."

साहेब रोज नऊ गाठायच्या धांदलीत अर्धीच दाढी करून येतात, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला.

"एक आठवडा बघू," ते शक्य तितक्या कडक आवाजात म्हणाले.

संध्याकाळी उशीर होतो म्हणून दोघीतिघींनी कुरकुर केली. पण बायका न्हाऊन, वेण्या घालून कामावर येऊ लागल्या, आणि घरी जाताना पिशव्या हलक्याफुल असायच्या. आठवडा संपला तरी भोंगा अकरालाच वाजत राहिला, आणि नळाचं कुलूप साहेबांनी स्वतःच काढलं. ही युक्ती मूळची आपलीच, असंही ते सांगू लागले. आत्यांनी सांगू दिलं.

महिनाभराने शिलाईवालीच्या पिशवीत दोऱ्याची सहा रिळं सापडली.

"हिचं काय कारण, आत्या?" साहेबांनी अदबीने विचारलं.

"मुद्दाम घरी जाऊन आले, साहेब. घरात तीन नळ, तिन्ही धो धो वाहतात. नवरा कमावता, सासू प्रेमळ. काही म्हणजे काही सापडलं नाही."

"मग?"

"मग काय? हिला खुशाल ओरडा."