काकूंच्या बाजूची खाच

त्या दिवशी माझा नट कोणी सैल केला नाही.

मित्रांनो, मी एक जुनी हॅक्सॉ आहे, म्हणजे धातू कापायची करवत. माझं पातं एका नटानं ताणून बसवलेलं असतं. काम झालं की तो नट सैल करायचा, दात ब्रशनं झाडायचे आणि मला खिळ्याला टांगायचं, असा या घरातला नेम होता. नेम काकूंचा. पण त्या सकाळी काकूंच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा मी ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीत निम्मी उतरलेली होते. "राहू द्या तशीच," काकू काकांना म्हणाल्या. "आल्यावर उरलेलं कापू."

दुपार टळल्यावर काका एकटेच परत आले. मागच्या शेडमध्ये येऊन टेबलापाशी उभे राहिले. आतल्या खोलीतून त्यांच्या थोरल्या बहिणीनं, ताईंनी, हाक मारली.

"आली का रे ती?"

"नाही."

"ठेवून घेतलं का तिला?"

काकांनी खाचेजवळचा भुसा बोटानं पुसला.

"अरे, बोल की. कधी सोडणार आहेत?"

"ताई, ती गेली."

मला असं कळलं. काकांनी माझ्या पुढच्या टोकाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

त्या टोकाची गोष्ट सांगायची तर मागे जावं लागेल. मी एका कारखान्यात तयार झाले. लोखंडी पट्टी वाकवून माझी चौकट केली, मागे लाकडी मूठ बसवली, वर निळा रंग दिला. मग बरेच दिवस एका दुकानात दोरीला लटकून होते. काका तेव्हा टपाल वाटायचे. ते मला घाईघाईनं घेऊन आले, कारण घराच्या कुलपाची किल्ली हरवली होती. मी माझ्या आयुष्यातली पहिली वस्तू कापली ती म्हणजे ते कुलूप. कडी तुटून खाली पडली आणि ती उचलायला काका वाकले, तर शर्टाच्या खिशातून किल्ली पडली. काकू पायरीवर बसून हसल्या. पुढे काका काहीही शोधायला लागले की त्या म्हणायच्या, "आधी खिसा बघा. नाहीतर करवत काढाल."

त्यानंतर मी खूप कामं केली. नळाचे पाइप कापले, पडद्यांचे दांडे कापले, गंजलेले बोल्ट कापले. एकदा काका एक जाड सळई कापत होते. कापता कापता दम लागला, तोंड लाल झालं. काकू शिवणकाम करायच्या. मशीनवरून उठून आल्या आणि माझं पुढचं टोक त्यांनी धरलं.

"तुम्ही ढकला, मी ओढते."

"अगं, ही एकट्यानं चालवायची असते."

"कोण म्हणतं? दिसतंय ना केवढी चालवताय ती."

तेव्हापासून मी दोघांची झाले. पुढच्या टोकाचं लोखंड काकूंच्या तळहाताला रुतायचं, म्हणून त्यांनी उशीच्या जुन्या अभ्र्याची चिंधी त्यावर गुंडाळली आणि चार टाके घातले. मागे काकांची लाकडी मूठ, पुढे काकूंची चिंधीची. शेजारचा नळवाला बघून म्हणायचा, "काकू, बाजारात अशी मिळत नाही हो." काकू म्हणायच्या, "नवरा मिळतो का असा? तोही घरीच दुरुस्त करावा लागतो."

आता त्या पट्टीबद्दल. ताईंचे पाय चालत नाहीत. त्या चाकांच्या खुर्चीत असतात. त्यांच्या खोलीचा उंबरा उंच आहे आणि पलीकडे अंगण एक पायरी खाली. रोज संध्याकाळी काका आणि काकू दोन बाजूंनी खुर्ची उचलून त्यांना अंगणात ठेवायचे. पण तिघांचीही वयं झाली. एकदा काकूंची पाठ धरली. मग काकूंनी ठरवलं की उंबऱ्यावर चाकांसाठी उतार करायचा. दोन चाकांखाली दोन पट्ट्या. लोखंड गंजेल, लाकूड फुगेल. म्हणून भंगारवाल्याकडून ॲल्युमिनियमची एक लांब पट्टी आणली. पंजाएवढी रुंद आणि अंगठ्याच्या रुंदीएवढी जाड. ती मधोमध कापली की झाल्या दोन.

ॲल्युमिनियम मऊ असतं असं काका समजत होते. मऊ असतं, पण चिकट असतं. त्याचा भुसा पात्याच्या दातांत जाऊन बसतो आणि मग पातं कापत नाही, नुसतं घसरतं. काकांनी बारीक दातांचं पातं लावलं होतं. थोड्याच वेळात माझे सगळे दात बुजून गेले. मग मोठ्या दातांचं पातं आणलं. भुसा चिकटू नये म्हणून काकू त्यावर मेणबत्तीचा तुकडा घासायच्या आणि मधून मधून थांबून दात झाडायच्या.

"किती वेळ घासतेस?" काका म्हणायचे.

"तुमचे दात ग्लासात असतात. हिचे तरी घासू द्या."

काम हळू चाललं होतं, पण खाच सरळ उतरत होती. जाताना दाबायचं, येताना नाही, हे काकू दर वेळी सांगायच्या. मला आवडायचं ते ऐकायला.

काकू गेल्यावर मी तशीच खाचेत उभी राहिले. नट आवळलेला, पात्याला ताण. घरात माणसं आली, गेली. काही दिवसांनी काका आले आणि एकटेच मला चालवू लागले. मुठीवर सगळा जोर. पुढचं टोक वर उचललं जायचं. त्यामुळे खाच काकांच्या बाजूला खोल गेली आणि काकूंच्या बाजूला होती तेवढीच राहिली. काकांनी वाकून ते पाहिलं. मग त्यांनी माझ्यावर फडकं टाकलं आणि शेडमध्ये यायचंच बंद केलं. फडक्याखाली मला गंजाचे ठिपके पडले.

ताई मात्र आतच होत्या. काकांना एकट्याला खुर्ची उचलवत नव्हती. नळवाला एकदा म्हणाला, "काका, द्या इकडे. मशीननं आत्ता उडवतो." काका म्हणाले, "नको. मी करतो." तो पुन्हा आला, तेव्हाही काका तेच म्हणाले. त्यानं खुर्ची उचलायला हात लावू का विचारलं. तेही नको.

एके सकाळी ताईंचा आवाज शेडपर्यंत आला.

"तू करतोस म्हणजे कधी करतोस?"

"करतो गं."

"अरे, ती गेल्यापासून मी ही समोरची भिंत बघतेय. तिच्यातल्या भेगा पाठ झाल्या मला. ती पट्टी काय पुजायला ठेवली आहेस?"

"ताई, तो मशीननं कापेल. आमची खाच जाईल."

"ती काय खाच जपायला बसली होती? मला बाहेर काढायला बसली होती ती." खुर्चीचं चाक करकरलं. "त्याला बोलव, नाहीतर दुसरं टोक मला दे. पाय गेलेत माझे, हात आहेत."

काका शेडमध्ये आले, माझ्यावरचं फडकं काढलं आणि पट्टीसकट, माझ्यासकट टेबल ओढत ताईंच्या दाराशी नेलं. टेबल उंबऱ्याला टेकलं. काका अंगणात उभे, ताई आत खुर्चीत. मी उंबऱ्यावर, दोघांच्या मध्ये. पुढचं टोक ताईंकडे होतं. चिंधीवर काकूंच्या बोटांचे मळकट डाग आहेत. ताईंनी ते पाहिले.

"बदलू का ही?"

"नको," काका म्हणाले. "आहे ती असू दे."

ताईंनी ओढलं ते असं, की काका टेबलावर आदळले.

"अगं, हळू!"

"मग ढकल की नीट. जेवलास ना?"

"येताना दाबू नकोस. जाताना दाब."

हे बोलल्यावर काका थांबले. ताईही थांबल्या. वाक्य कोणाचं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. मग काकांनी खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला आणि माझ्या दातांवर घासला.

ताईंचे हात लवकर दमतात. पण आता दोघं रोज थोडं थोडं कापतात. मी पुन्हा दोन्ही टोकांनी चालते, आणि उथळ बाजूनं भुसा पडायला लागला आहे. पहिल्या दिवशी काम थांबवताना काकांनी माझा नट सैल केला. किती दिवसांनी, मित्रांनो! दात झाडले, गंजावर तेलाचं बोट फिरवलं.

तुमच्या घरी एखादी करवत असेल तर एवढं करा. काम अर्धं राहिलं तरी तिला खाचेत ताणून ठेवू नका. नट सैल करा, दात झाडा आणि कोरड्या जागी टांगा. उद्या काम पुढे न्यायला ती तयार असते. पण कोणीतरी येऊन तिला उचलावं लागतं.

मी आता खिळ्यावर आहे. टेबल उंबऱ्याशीच आहे. ताई अजून अंगणात आलेल्या नाहीत. काकांच्या बाजूची खाच जवळजवळ तळाला गेली आहे. काकूंच्या बाजूचं नखभर कापायचं राहिलं आहे.