कुंडाकडे पाठ फिरवणारे कासव

ज्याला आपण पूजतो, त्याला आपण जाणतोच असे नाही. देवापुढे भक्तीने डोळे मिटावेत. परंतु जो जीव आपल्या हाती सोपवला गेला, त्याच्यासाठी ते उघडावेही लागतात. केव्हा मिटावे आणि केव्हा उघडावे, हे ज्याला उमगले त्याच्या घरी मुकी लेकरे सुखाने वाढतात.

मित्रांनो, मी एक जुने कासव आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या मिरवणारे, रानात राहणारे. 'रानात राहणारे' हे शब्द ध्यानात असू द्या, कारण त्यांच्यावरच माझे प्राण टांगलेले होते.

इंग्रजी अमदानीत पारोळ्याजवळच्या एका खेड्यात रुपचंद नावाचा शेतकरी राहत असे. तो गुजरातेकडून परतत असता त्याच्या गाडीतल्या कडब्यात मी आणि माझी धाकटी बहीण नकळत आलो. तेव्हा आम्ही लिंबाएवढी होतो. आम्हाला पाहताच त्याची पत्नी मंजुळाबाई हर्षाने ओरडलीच, "माय वं! देव चालीसन घर उना!"

"चालीसन नही," रुपचंद म्हणाला, "मना बैलस्ना जीववर उना!"

मंजुळाबाईने गाई-म्हशींखेरीज काही पाळले नव्हते. कासव म्हणजे पाण्यातला कूर्मदेव, एवढेच तिला ठाऊक. तिने तांब्याचे घंगाळ घासून लख्ख केले, पाण्याने भरले, मध्ये एक दगड ठेवला आणि आम्हाला त्यात सोडले. पुढ्यात दूधभाताचा नैवेद्य आला. तिचे हात जोडलेले होते आणि आमचे पाय आधारासाठी धडपडत होते! दगडावर चढावे, घसरावे, पुन्हा बुडावे. दूधभात आमच्या घशाखाली उतरेना. हळूहळू बहिणीच्या नाकातून बुडबुडे येऊ लागले आणि तिने आत ओढलेली मान बाहेर काढणे सोडले. त्यात देवळाचा कारभार पाहणारे वृद्ध झुलाल आबा सांगून गेले, "शिवरातले यास्ले महादेवना कुंडमा सोडू. बठ्ठा गावले पुण्य लागी." त्या खोल कुंडात तर दगडही नव्हता.

आणि मग, मित्रांनो, एका सकाळी दाव्यातून सुटलेल्या वासराने घंगाळाला ढुशी दिली! घंगाळ उलटले, पाणी वाहून गेले आणि आम्ही उन्हाने तापलेल्या धुळीत येऊन पडलो. त्या उबेचे वर्णन कसे करू? पायांखाली साक्षात पृथ्वी! मी धावलो. हसू नका, कासवही धावते.

"ओ, पळा ना! देव पळी गयात!" मंजुळाबाई आक्रोश करीत बाहेर आली.

"कासव पळी गयं?" रुपचंद म्हणाला. "गावमा सांगू नको, लोक हसतीन!"

तिने आम्हाला शोधले ते शेवग्याखाली. गळलेला कोवळा पाला मी अधाशासारखा खात होतो. बहिणीनेही मान बाहेर काढून पान ओढले. उचलायला पुढे केलेले हात मंजुळाबाईने मागे घेतले. ती धुळीत पालथी पडली आणि हनुवटी टेकून श्वास रोखून आम्हाला पाहत राहिली. "खास! हाई ते खास!" आम्ही खातो आहोत हे पाहून ती पोरीसारखी टाळ्या पिटू लागली. त्या दिवसापासून घंगाळ माळ्यावर गेले. आम्हाला ऊन, कोरडी माती, तांदुळज्याची पाने आणि पिण्यापुरते पाणी असलेली एक पसरट थाळी मिळाली. बहिणीच्या नाकातले बुडबुडे थांबले.

परंतु शिवरात्र उजाडली. कुंडाभोवती गाव जमला. आबांनी हात पुढे केला. मंजुळाबाईने आम्हाला घेतलेला पदर घट्ट धरला.

"आबा, यास्ले पानी सोसत नही. मरी जातीन."

"पोरी, कूर्म पान्यामा नही, ते काय झाडवर ऱ्हास?"

लोक खदखदून हसले. तिने हात जोडले, पण हट्ट सोडला नाही. "मंग त्यालेच इचारा. पायरीवर ठेवा. कुंडकडे गया ते तुमना, मांगे फिरना ते मना."

आबांनी मला पाण्यालगतच्या पायरीवर ठेवले. समोर हिरवेगार, थंड, अथांग पाणी! पाठीशी मंजुळाबाई. "चाल रे देवा!" कोणीतरी ओरडले. मी मान बाहेर काढली, पाणी हुंगले आणि कुंडाकडे पाठ फिरवून निघालो. वाटेत आबांच्या हातून निसटलेले बेलाचे पान पडले होते. मी तिथेच थांबून ते कुरतडू लागलो.

"आबा, तुमनी पूजा त्यानी खाई टाकी!" रुपचंद ओरडला आणि सारा घाट हसला.

आबा मात्र हसले नाहीत. ते खाली वाकून बराच वेळ पाहत राहिले. "इतला वरीस कूर्मले नमस्कार कया," ते हळूच म्हणाले, "पन देखं आज." मग त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून तिच्या पदरात घातले. "ले माय. देव तुना आंगनमाच बरा शे."

आता माझ्या पाठीवरच्या चांदण्या फिकटल्या आहेत. बहीण शेवग्याखाली ऊन खात बसली आहे. मित्रांनो, एखादा जीव घरी आणाल, तेव्हा त्याला काय रुचते आणि कुठे मानवते, हे आधी त्यालाच विचारा. तो बोलणार नाही. पण त्याच्याशेजारी धुळीत पालथे पडण्याची तुमची तयारी असेल, तर तो सांगेल.

मंजुळाबाईच्या अंगणात सदा ऊन असो. आबांच्या ओंजळीत सदा ताजा बेल असो. त्या द्वाड वासराचेही कल्याण होवो. आणि तुमच्या हाती आलेल्या प्रत्येक जिवाला त्याची त्याची भूमी लाभो.