हलकी सायकल

मिसाओने हिरव्या सायकलची सीट दोन्ही हातांनी धरली, मागचं चाक वीतभर उचललं आणि धप्पकन खाली सोडलं.

"ही नको. धोंडा आहे नुसता."

"बॅटरीची आहे ना वहिनी, वजन असणारच," दुकानदार ओनिशी म्हणाला. "पण ताईंना रोज हॉस्पिटलात जायचंय. तुमच्या घरापाशी चढ केवढा आहे! हिच्यावर घामसुद्धा येणार नाही."

चिनात्सु सासूच्या, मिसाओच्या, मागे उभी होती. शुगो, तिचा नवरा, गेल्यापासून ती त्याचीच सायकल वापरत आली होती. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात पहाटे हजर व्हावं लागे, तेव्हा बस नसे. गेल्या आठवड्यात ती सायकल मोडली. नवी घ्यायला चिनात्सु एकटीच निघाली होती, पण मिसाओ आधीच बूट घालून दारात उभी.

एकटीनं निघायला कारण होतं. नदीपलीकडे तिनं भाड्यानं एक खोली ठरवली होती आणि महिनाअखेरीस तिकडे राहायला जायचं होतं. सासूला सांगायचं ती रोज ठरवायची. रोज सकाळी मिसाओ तिच्या डब्यात ऑम्लेटची गुंडाळी नीट कापून भरताना दिसायची, आणि बोलणं राहून जायचं.

"मला हिरवीच बरी वाटते," चिनात्सु म्हणाली. चढावरच्या घरातच राहणार असलेल्या बाईनं हीच घेतली असती, आणि सासूला संशय यायला नको होता.

"तुला काय कळतंय!" मिसाओ पलीकडच्या साध्या राखाडी सायकलपाशी गेली. "ही उचल बघू. खांद्यावर घे."

"आई, सायकल चालवायची असते."

"घे गं."

चिनात्सुने ती खांद्यावर घेतली. फार जड नव्हती.

"अशी घेऊन तीन मजले चढशील?"

"तीन मजले कशाला वहिनी? तुमचं तर बैठं घर..." ओनिशीचं लक्ष चिनात्सुच्या चेहऱ्याकडे गेलं. त्याने हवेचा पंप उचलला आणि तो बाहेर गेला.

"त्या इमारतीला लिफ्ट नाही," मिसाओ हळू आवाजात म्हणाली. "खाली सायकली ठेवायला साधं छप्परही नाही. पावसात गंजेल. वरच न्यावी लागणार."

चिनात्सुने सायकल खाली ठेवली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"एजंटाचा फोन आला होता घरी. मग बसने जाऊन बघून आले. जिना अरुंद आहे, पण ऊन चांगलं येतं."

"मी सांगणारच होते, आई."

"कधी? सामान टेम्पोत चढल्यावर?" मिसाओने तिच्या बाहीवरचा सुटलेला दोरा ओढून काढला. "माझ्याबरोबर टीव्ही बघत म्हातारी होणार होतीस का?"

चिनात्सु ब्रेक दाबत आणि सोडत राहिली. मग म्हणाली, "रोज संध्याकाळी येत जाईन."

"रोज नको, डोकं खाशील माझं. रविवारी ये."

राखाडी सायकल ठरली. ओनिशी आत येऊन तिच्या साखळीला तेल घालू लागला, तशी मिसाओ घसा खाकरून म्हणाली,

"आणि आता माझ्या उंचीची एखादी दाखवा."

"तुम्हाला?"

"मग बाजारहाट कोण करणार यापुढे? तुम्ही?"

ओनिशीने तीन चाकांची सायकल पुढे आणली. मिसाओने तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

"ही माझ्या सासूला विकायची होतीत."

शेवटी एक बुटकी, दोन चाकांची लाल सायकल गल्लीत आली. मिसाओ सीटवर बसली. चिनात्सुने मागचं कॅरिअर घट्ट धरलं.

"शेवटची कधी चालवली होतीत, आई?"

"शुगो मागे बसायचा तेव्हा."

हँडल डावीकडे गेलं, मग उजवीकडे. मिसाओने ओठ आवळले आणि पॅडलवर जोर दिला. कॅरिअर चिनात्सुच्या हातातून निसटलं. ती घाबरून मागे धावली.

"मागून धावू नकोस गं!" मिसाओ मान न वळवता ओरडली. "लोक बघताहेत."

चिनात्सु थांबली.