दाराजवळचा आवाज

रेल्वेच्या शेडमध्ये आलेली जुनी गाडी जरा जास्तच देखणी होती, आणि तिथेच इन्स्पेक्टरबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

मोठ्या कंपनीने नव्या गाड्या घेतल्या, म्हणून जुन्या गाड्या बाईंच्या छोट्या कंपनीला डोंगराकडच्या मार्गासाठी द्यायचं ठरलं होतं. त्या तपासून ताब्यात घेणं हे बाईंचं काम. पण ज्या डब्यांनी सगळं आयुष्य समुद्राकाठच्या खाऱ्या वाऱ्यात काढलं, त्यांच्या जमिनीवर नवंकोरं व्हिनाइल कशाला? घर सोडून जाणारा भाडेकरू कधी भिंती रंगवून जातो का?

त्यात गाडी पोचवायला आले होते खुद्द भाऊजी. थोरल्या बहिणीचे यजमान, मोठ्या कंपनीच्या डेपोचे प्रमुख. माणूस गोड बोलायचा, आणि गोड बोलणाऱ्यांवर बाईंचा मुळीच विश्वास नव्हता.

"हे कधी घातलंत?" बाईंनी विचारलं.

"नुकतंच."

"का?"

"दिसायला बरं," भाऊजी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. एरवी तोंडाचा पट्टा चालू ठेवणारा माणूस आज दोन शब्दांवर भागवत होता.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "ते तुझ्याकडे आलेत ना? सांभाळून घे गं. हल्ली झोपच नाही त्यांना."

"कशामुळे?"

"मला कधी काही सांगतात का?"

बाईंच्या संशयाला आणखी खतपाणी मिळालं. मग बाईंचे साहेबही खाली आले. शेडमधल्या तेलकट वासाला नाकं मुरडणारा हा माणूस आज पायऱ्या उतरून आपणहून आला होता.

"सही करून टाका बाई," ते म्हणाले. "धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं चाललंय तुमचं. गाडीच्या उद्घाटनाची तारीख जाहीर झालीये."

"बघते आणि करते."

बाई डब्यातून टाच आपटत चालल्या. मधल्या वाटेवर खणखणीत आवाज येत होता. दाराजवळ मात्र आवाज बद्द आला. त्यांनी फिटरला तिथलं व्हिनाइल कापायला सांगितलं. फिटरने साहेबांकडे पाहिलं.

"नवी वस्तू फाडणार?" साहेबांनी विचारलं.

"पुन्हा चिकटवता येते."

व्हिनाइल उचललं तर खालचा पत्रा पापुद्र्यांनी सुटत होता. बाईंनी त्याखालच्या लोखंडी बीमवर स्क्रूड्रायव्हर टेकवून जोर दिला. तो कुजक्या लाकडात जावा तसा आत गेला. गर्दीच्या वेळी माणसं नेमकी इथेच उभी राहतात.

"नात्यातली म्हणून माझ्या गळ्यात मारत होता?" बाई भाऊजींवर उसळल्या.

भाऊजींनी शांतपणे साहेबांकडे बोट केलं. "बीम गंजलेत हे यांना मी आधीच सांगितलं होतं. दुसरी एक कंपनी या गाड्यांवर टपून बसली होती. हातच्या जातील म्हणून यांनीच सांगितलं, वरून झाका, पुढचं आम्ही बघू. आमच्या वरच्यांनाही गाड्या घालवायच्याच होत्या. मी झाकलं."

साहेब रुमालाने चष्मा पुसू लागले. ‘नाही’ काही म्हणाले नाहीत.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू मानलं असतंस? मी दिवस आहे म्हटलं तर तू खिडकी उघडून खात्री करतेस. म्हणून तर गाडी तुझ्याच शेडला यावी, एवढा हट्ट मी धरला."

हे खरंही असेल, किंवा पकडलं गेल्यावर सुचलेलं असेल. बाईंनी ‘धावण्यास अयोग्य’ची लाल पाटी आणली आणि स्वतःच्या हाताने इंजिनाला लावली.

उद्घाटन बारगळलं. गाडी परत गेली, तिचे सगळे गंजलेले बीम बदलले आणि मगच ती डोंगराच्या मार्गावर धावू लागली. साहेबांची खुर्ची शाबूत राहिली, फक्त ते बाईंशी आता फार अदबीने बोलू लागले. बाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटे.

"चूक कोणाची होती गं?" बहिणीने एकदा विचारलं.

"अजून ठरवतेय," बाई म्हणाल्या.

पुढची गाडी आली तेव्हाही भाऊजीच सोबत होते. बाईंनी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि तो यायच्या आत प्रत्येक दाराजवळची जमीन उघडून घेतली. सगळे बीम चांगले निघाले. तरी सही करण्याआधी त्यांनी एकदा भाऊजींच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलंच.