दुर्बिणीशेजारची सतरंजी

मार्गशीर्षातली सांज. कऱ्हा नदीपलीकडच्या उघड्याबोडक्या माळावर आधी केशरी, मग कुसुंबी, मग जांभळा, मग नुसताच निळा उजेड उतरत गेला. आणि कुसळांच्या सुवर्णाग्रांवरून त्यानं हलकेच काढता पाय घेतला. अमावास्या होती. आकाश पुसलेल्या पाटीसारखं स्वच्छ होतं.

त्या माळावर, सिमेंटच्या चौथऱ्यावर, सरकत्या पत्र्याच्या छपराखाली एक दुर्बीण उभी होती: शुभ्रांगी, दीर्घग्रीवा, गगनोन्मुखी. तिच्या शेजारी मालविका सतरंजी अंथरत होती. पुण्याहून दुपारीच येऊन तिनं झाडलोट केली होती, वांगं भाजलं होतं, भाकऱ्या फडक्यात बांधल्या होत्या. श्रीरंग, तिचा नवरा, ऑफिस सुटलं की येणार होता.

किती अमावास्या गेल्या होत्या अशा! तो भिंगाला डोळा लावून वाकलेला, तारा निसटू नये म्हणून चाकं फिरवत. आणि ती त्याच्या पाठीकडे बघत बसलेली. पाठ, पाठ आणि पाठ! बाई गं, नवऱ्याची नुसती पाठ किती बघायची? "एकदा हे सगळं आपोआप व्हायला लागू दे," तो म्हणायचा, "मग रात्र तुझी."

तेवढ्या एका शब्दावर तिनं अख्खा पावसाळा घालवला. नोकरी सांभाळून प्रोग्रॅम लिहिला: छपरानं आपणच उघडावं, दुर्बिणीनं आपणच वळावं, तारा आपणच शोधावा, आपणच धरून ठेवावा, कॅमेऱ्यानं आपणच फोटोमागून फोटो टिपावेत. ओळ न् ओळ तिनं प्रेमानं लिहिली. त्याचे हात मोकळे व्हावेत, त्याचं तोंड आपल्याकडे वळावं, एवढाच तिचा लोभ. आज त्या प्रोग्रॅमची पहिलीच रात्र होती.

फोन वाजला.

"मालू, अगं काय भन्नाट झालंय हे! इथे घरी बसून सगळं दिसतंय. आता छप्पर उघडतंय, बघ हं."

"घरी? तू निघालाच नाहीस?"

"आता यायची गरजच कुठे उरली? तूच तर केलंस ना सगळं!"

घरघरत छप्पर सरकलं. निळीकाळी, नक्षत्रखचित, निःसीम रात्र तिच्या डोक्यावर उघडली. दुर्बिणीनं मान वळवली, देवयानी दीर्घिकेवर नजर रोखली आणि ती निश्चल झाली. एकही चूक नाही. मालविकेच्या हातचं काम होतं ते, चुकणार कसं?

फसवलं मेल्यानं, फसवलं! आणि हत्यार माझंच घेतलं! ज्या मोकळ्या हातांसाठी ती झिजली, ते हात पुण्यात सोफ्यावर निवांत पडले होते. ती उठली, चौथऱ्यावर येरझारा घालू लागली. रडू काही आवरेना.

पुन्हा फोन.

"मालू, स्क्रीनवर तारे थरथरताहेत गं. वारा सुटलाय का तिकडे?"

"वारा नाही. मी आहे."

"मग जरा लांब जाऊन बस ना. फोटो हलतोय."

लांब! मग तिनं ओढणी कमरेला खोचली, पाय उचलला आणि चौथऱ्यावर दाणकन आपटला. पुन्हा आपटला. पुन्हा, आणि पुन्हा, दात आवळून, डोळे गळत असताना, उभा माळ दुमदुमेल असा. आणि तिकडे पुण्यात, त्या उबदार खोलीत, देवयानीचे सगळे तारे थरथरले, विस्कटले, स्क्रीनभर सांडले, आणि सांडतच राहिले.