कोर्टाच्या आवारातला टेम्पो

मी जप्त झालेला टेम्पो बोलतोय. हळू बोलतोय, कारण परवा शेजारच्या रिक्षाची बॅटरी चोरीला गेली आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. कोर्टाच्या मागच्या आवारात आम्ही सरकारच्या ताब्यात आहोत, म्हणजे कोणाच्याच नाही.

माझा मालक लोकांचं फर्निचर पोचवायचा. बायकोपासून वेगळा झाला तेव्हा कोर्टाने मुलीची पोटगी ठरवून दिली. पहिली दोन वर्षं ती तो सोयीने विसरला. डिझेलला पैसे होते, मित्रांना पाजायला होते. मुलीचा विषय निघाला की धंदा मंदा. शेवटी त्याला काही दिवस आत बसवलं. बाहेर आला तो सरळ होऊनच. सक्तीला नावं ठेवणाऱ्यांनी त्यानंतरचा त्या पोरीचा डबा पाहावा.

पण सरळ माणसाला अक्कल असतेच असं नाही. कोर्टात पैसे भरायला रांग असते, म्हणून हा पैसे शाळेच्या फाटकाशी तिच्या आईच्या हातात द्यायला लागला. फी भरली, बूट घेतले, चष्मा केला. पावती? "घरातल्या घरात कसली पावती!" घर मोडलंय, हे तेवढ्यापुरतं त्याच्या लक्षात नसायचं.

कोर्टाच्या लेखी मात्र एक पैसा जमा नव्हता. आईच्या वसुलीच्या जुन्या अर्जावर सावकाश जप्तीचा हुकूम निघाला. कोर्टाचा बेलीफ आला आणि भर बाजारात माझी किल्ली काढून घेऊन गेला.

आज माझा लिलाव होता. सकाळीच एका भंगारवाल्याने माझ्या टायरला लाथ मारून पाहिली. "इंजिन तेवढं कामाचं. बाकी कापून टाकू." माझ्या तोंडावर!

तेवढ्यात मुलीची आई धापा टाकत कारकुनाच्या खिडकीशी आली.

"साहेब, लिलाव थांबवा."

"बाई, अर्ज तुमचाच आहे."

"पैसे यावेत म्हणून केला होता. गाडीच गेली तर हे देणार कुठून?"

"मग सगळे हातात मिळाले, असं लिहून द्या."

तिने पेन उचललं आणि थांबली. "लिहून दिलं आणि हे परत पहिल्यासारखे झाले तर?"

"अगं, नाही होणार," मागे उभा असलेला मालक म्हणाला.

"तेव्हाही हेच म्हणाला होतात."

 तिने सही केली नाही तर माझं काय, आणि केली तर पोरीचं काय?

शेवटी तिने मिळालं तेवढंच लिहिलं, रुपया जास्त नाही. पहिल्या दोन वर्षांचं देणं तसंच ठेवलं. लिलाव पुढे ढकलला गेला. थकबाकी भरेपर्यंत मी इथेच.

"गाडीशिवाय भरू कशाने?" मालकाने विचारलं.

"तो प्रश्न या टेबलावर येत नाही," असं म्हणून कारकुनाने पंखा बंद केला.

आता फाटकाला कुलूप लागतंय. भंगारवाला जाता जाता पहारेकऱ्याच्या कानाशी लागला होता. वाचकहो, त्या माउलीने केलं ते बरोबरच केलं. पोरीचं बुडवलेलं त्याने भरलंच पाहिजे. फक्त ते कमवायला मला कोणीतरी बाहेर काढा, मी अजून अख्खा आहे तोवर.