वरातीची जीप

वारूळवाडीच्या सार्थकला चारचौघांत बोलता येत नसे. टोमॅटोची रोपं विकणाऱ्या एका नर्सरीत तो बिलं करण्याचं काम करी. शेतकरी येत, रोपांचे ट्रे भरून नेत, जाता जाता हवापाण्याची दोन वाक्यं टाकत. त्याला उत्तर सुचे ते टेंपो वळणाआड गेल्यावर. अशा माणसाच्या आत बोलण्याची जी हौस साचून राहते, ती सगळी त्याने एका जागी ओतली होती. मामांकडून आलेल्या जुन्या जीपच्या पायी त्याने मोबाइलवर एक ग्रुप काढला होता: ‘जीपवाले, जुन्नर-आंबेगाव’.

तिथे तो बोलत असे, म्हणजे लिहीत असे. कुणाची गाडी चढाला दम टाकते, कुणाचा क्लच घसरतो, कुणाची बॅटरी उभ्या उभ्या उतरते; जो तो विचारी, आणि सार्थक अंगणातल्या बाजेवर बसून, शब्द निवडून, पूर्णविरामासकट उत्तर लिही. खाली अंगठे उमटत, जोडलेले हात उमटत. ‘सार्थकभाऊ, मानलं राव!’ एकदा ओझरला, देवळाबाहेरच्या नारळाच्या दुकानाशी, एका अनोळखी माणसाने त्याचा दंड धरून विचारलं होतं, “तुमीच का ते जीपवाले सार्थकभाऊ?” सार्थक नुसता हसला होता. पण तो प्रश्न त्याने घरी नेला आणि कितीतरी दिवस अत्तराच्या बोळ्यासारखा कानाशी जपून ठेवला.

पुढे त्याचा येडगावचा मित्र पप्पू याचं लग्न घोडेगावच्या श्रेयाशी ठरलं. श्रेयाची चुलतबहीण आरती चाकणच्या एका कारखान्यात इंजिनांच्या तपासणीचं काम करत होती. पप्पूने तिला ग्रुपमध्ये घेतलं आणि लिहिलं, ‘ही माझी होणारी मेव्हणी. इंजिनातलं लई कळतं तिला. सांभाळून घ्या.’

सांभाळून घ्यायची वेळ लौकरच बाकीच्यांवर आली.

ओझरच्या भरतने लिहिलं, ‘सकाळी गाडी चालू करून ठेवावी आणि निवांत चहा प्यावा. इंजिन मोकळं होतं.’

आरतीने लिहिलं, ‘चहा तुमी प्या. गाडी कशाला उभी जाळता? हळू चालवत न्या, वाटेत गरम होते.’

‘आमचे वडील आयुष्यभर तसंच करत आले.’

‘वडलांना नमस्कार सांगा. पण डिझेल वडलांच्या भावात मिळतं का आता?’

भरत चिडला. दुसरा कोणी मध्ये पडला, त्यालाही तिने सोडलं नाही. ‘ताई, तुमाला भांडायचा पगार मिळतो का?’ असं कोणी विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘न्हाई, फुकट करते. आवडीचं काम हाय.’ ग्रुपवर हसण्याचा पूर आला. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच भरतने आपल्या गाडीच्या धुराचा व्हिडिओ टाकला: ‘आरतीताई, जरा बघता का?’

हेच सार्थकला खुपलं. माणसं तिच्यावर चिडत आणि तिलाच विचारत. त्याच्या नेटक्या उत्तरांखाली अंगठे येत खरे, पण अंगठा ही निरोप देण्याचीच एक रीत आहे हे त्याला आता उमगू लागलं. तिच्या अर्ध्यामुर्ध्या, चुकीच्या ऱ्हस्वदीर्घांच्या ओळींखाली मात्र भांडणं पेटत, चेष्टा रंगत, फोटो येत, आभार येत. तिथे घर होतं. त्याच्याकडे पाटी होती. संध्याकाळी बाजेवर बसून तो उत्तर जुळवत असे, आणि ते पुरं होण्याआधीच वर अक्षरं उमटत, आरती लिहिते आहे. मग तो आपलं वाक्य पुसून टाकी. तिच्या नावाशेजारच्या चित्रात चेहरा नव्हता, तेलाने माखलेला एक हात तेवढा होता. तो हात तो पुनःपुन्हा उघडून पाही. त्यात काय शोधत होता, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मत्सर हा दाहक असतो असं त्याने वाचलं होतं. त्याचा मात्र गार होता, माठाच्या बुडाशी साचलेल्या पाण्यासारखा, आणि तो हलत नव्हता.

वैशाखात पप्पूची तिथी निघाली. त्याने ग्रुपवर विचारलं, ‘वरात माझ्याच जीपमधून काढायची आहे. वेशीपासून मारुतीपर्यंत बँजोच्या मागं मुंगीच्या पावलानं जायचं. त्यात हे ऊन. गाडी तापली तर इज्जत जायची. काय करू?’

या खेपेला आरतीच्या आधी सार्थकने उत्तर दिलं. इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवर एक छोटी झडप असते. इकडे सगळे तिला नुसतं ‘वॉल’ म्हणतात, आणि उन्हाळा आला की गावोगावचे मेस्त्री ती काढून टाकतात, म्हणजे पाणी अडत नाही आणि गाडी गार राहते, असा सर्वांचा समज. सार्थकने तोच सल्ला सुंदर भाषेत दिला. पप्पूच्या गावच्या सावळेराम मेस्त्रीने त्याच संध्याकाळी वॉल काढला आणि पप्पूने फोटो टाकला. अंगठ्यांची रांग लागली.

मग आरतीचा मेसेज आला. ‘चूक. इंजिनात पाण्याला एक आडवाट असते. वॉल उघडला की ती आडवाट तो बंद करतो, तेव्हा सगळं पाणी रेडिएटरमधून गार होऊन येतं. वॉलच काढला तर आडवाट कायमची उघडी. निम्मं पाणी गार न होताच माघारी. मुंगीच्या पावलानं तर हमखास तापणार. पप्पू, वॉल परत बसव. ज्यानं सल्ला दिला त्यानं आकृती बघितलेली न्हाई.’

सार्थकने आकृती पाहिली. जीपचं जुनं माहितीपुस्तक काढलं, पान उघडलं, पाण्याच्या वाटेवरून बोट फिरवलं. आडवाट होती. आरती बरोबर होती, अक्षरशः बरोबर. पुस्तक मिटून त्याने जागेवर ठेवलं. मग ग्रुपचा मालक म्हणून त्याच्या हाती जेवढी सत्ता होती तेवढी त्याने वापरली आणि तो मेसेज उडवला. मनाशी म्हणाला, बोलण्याची काही रीत असते. त्या शेवटच्या वाक्याने गटाची शिस्त बिघडते. एवढ्यावर त्याने स्वतःला गप्प बसवलं. गप्प बसण्याचा त्याला सराव होताच.

आता ती भांडेल, असं वाटून तो वाट पाहत राहिला. भांडण आलं नाही. थोड्या वेळाने फक्त एक राखाडी ओळ उमटली, की आरती ग्रुपमधून बाहेर पडली आहे. पप्पूला सांगावं, असं दुसऱ्या दिवशी वाटलं, तिसऱ्या दिवशीही वाटलं. पण सांगायचं म्हणजे ‘ती बरोबर होती’ हे तीन शब्द बोलायचे, आणि ते काही केल्या त्याच्या तोंडातून निघेनात.

लग्न लागलं. दुपारी पंगतीतच पप्पूने त्याच्या खांद्यावर हात टाकला. “गाडी तू चालवायची. दुसऱ्याच्या हातात न्हाई देनार मी.”

“अरे, मी...”

“आता मी-बी काय न्हाई. चल.”

उन्हं कलली तेव्हा येडगावच्या वेशीत जीप उभी होती. सावळेरामने पुढच्या जाळीवर झेंडूची गच्च चादर बांधली होती. मागे नवरा-नवरी बसले आणि त्यांच्या शेजारी नवरीची पाठराखीण चढली. माहेराहून नवरीसोबत सासरी येणारी बाई. तिने त्या दिवशी तरी मान लववून, पदर सावरून बसावं अशी रीत. ही बसल्या बसल्या पुढे वाकून काचेखालचे काटे बघू लागली. सार्थकने आरशात पाहिलं. सावळा, तरतरीत चेहरा. हातात हिरवा चुडा. नखांच्या कडेला मात्र न निघणारी काळी रेघ. त्या हाताला तो ओळखत होता.

“तुमीच सार्थक,” ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

त्याने मान हलवली आणि गिअर टाकला.

बँजो सुरू झाला. पोरं नाचत होती, बाया ओवाळायला दारोदार उभ्या होत्या, आणि जीप त्या गर्दीमागून हातभर पुढे सरे, थांबे, पुन्हा सरे. जरा वाट सरली नाही तोच तापमानाच्या काट्याने मधली खूण ओलांडली. मग तो चढतच गेला, सावकाश आणि निश्चित. सार्थकच्या कपाळावर घाम आला. मागून आवाज आला, “काटा बघताय ना?”

“हं.”

“आन जाळीवर चादर कोनी घातली? गाडीनं श्वास कुठून घ्यायचा?”

“ताई, आज तरी भांडू नको गं,” श्रेया मुंडावळ्यांआडून कुजबुजली.

“मी न्हाई भांडत. गाडी भांडतीय.”

समोर मारुतीचा कळस दिसत होता. तेवढं रेटून न्यावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. इंजिन गेलं तर जाईल. फुलांवर ढकलता येईल, उन्हावर, सावळेरामवर. कुणाला काय कळणार होतं? कळणारी एकच होती, आणि तिच्याशी तसंही बोलणं नव्हतं. काटा तांबड्यात टेकला. बॉनेटच्या फटीतून वाफेची पहिली धार निघाली. त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

बँजो थोडा पुढे जाऊन अडखळला आणि थांबला. पप्पूचे वडील सयाजीतात्या फेटा सावरत आले. “काय झालं? हितं कुठं थांबवली, पावणं बघत्यात!”

“तापली,” सार्थक म्हणाला.

आरती खाली उतरली, शालू खोचला आणि चादरीची गाठ सोडू लागली.

“अगं पोरी, वरातीची फुलं उतरवत्यात व्हय? अपशकुन हाय!”

“इंजिन फुटलं तर शकुन व्हनार का, तात्या? आन रेडिएटरच्या झाकनाला कोनी हात लावू नका, तोंड भाजंल.”

तात्यांनी नाचणाऱ्यांतून सावळेरामला बखोट धरून ओढलं. “ए मेस्त्री! काय करून ठेवलंस रे पोराच्या गाडीला?”

“म्या काय केलं?” गुलालाने लाल झालेला सावळेराम कळवळून म्हणाला. “ग्रुपवर सांगितलं तसा वॉल काढला. मला काय सपान पडलं व्हतं?”

सगळे बघत होते. घरचे, पावणे, ग्रुपमधले जीपवाले, भरतही होता. आरती त्याच्याकडे बघत नव्हती, ती चादरीच्या सुतळीशी झटत होती. तिने तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं. जिला गप्प बसवावं म्हणून त्याने एवढं केलं, ती आता नेमकी गप्प होती.

“मेस्त्रींची चूक नाही,” सार्थक म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की तात्यांनी कानाला हात लावला. त्याने पुन्हा म्हटलं, मोठ्याने, आणि स्वतःचा आवाज ऐकून दचकला. “चूक माझी. वॉल काढायला मी सांगितलं. यांनी काढू नका म्हणून लिहिलं होतं. ते मी उडवलं.”

“म्हाईत हाय,” पप्पू जीपमधूनच म्हणाला.

“काय?”

“तिथं लिवलेलं दिसतं ना राव, ॲडमिननं मेसेज उडवला म्हणून. समद्यांनी बघितलं. आरतीनं मला फोन करून पन सांगितलं, तासभर भांडली. मी म्हनलं, सार्थकनं उडवला म्हंजे त्यात काय तरी खोट आसनार.” तो हसायला गेला आणि ते नीट जमलं नाही. “लग्नाआधीच मेव्हणीला नाराज केलं, तुझ्यापायी.”

“आमी बी तेच म्हनलं,” भरत म्हणाला. “ताई भांडकुदळ, पर सार्थकभाऊ उगा न्हाई करायचा.”

सार्थकला आता उमगलं. इतके महिने ज्याच्या लोभाने तो आतल्या आत कुढत होता, ते त्याच्याजवळच होतं. तिच्यापेक्षा जास्त होतं. तिचं पटलं तरी माणसं तिच्याशी वाद घालत. त्याचं न पटता मानत. आणि ते त्याने एका बोटाच्या टोकाने खर्चून टाकलं होतं. “तुला ठाऊक व्हतं, ती खरं सांगती ते?” पप्पूने विचारलं.

“हो.”

पप्पूने मुंडावळ्या मागे सारल्या. श्रेयाने त्याचा हात धरला.

“बरं, आता येळ व्हतोय,” तात्या खेकसले. “ढकला! लावा हात सगळ्यांनी!”

पोरं हसत मागे धावली. बँजो पुन्हा लागला. इंजिनाशिवाय जीप चालू लागली आणि सुकाणू धरून सार्थक पुढे बसला. आरती चढली नाही. ती त्याच्या बाजूने, सोडलेली चादर खांद्यावर टाकून, पायी निघाली.

“तुम्ही परत या ग्रुपमध्ये,” तो समोर बघत म्हणाला.

“येते. पन हितं बँजोत बोलून भागायचं न्हाई. तिथं लिवा.”

“लिहितो. घडल्या प्रकाराबद्दल मी...”

“घडला प्रकार न्हाई. ‘चुकलो’ लिवा. तुमी लई फुलं लावता वाक्याला.”

त्याला राग आला. तिचं म्हणणं बरोबर होतं म्हणून जास्तच आला. मारुतीपुढे जीप थांबली तेव्हा नवरा-नवरी उतरून देवळात गेले. पाठराखीण नारळाचं ताट घेऊन मागोमाग गेली आणि जाता जाता पुजाऱ्याशी, नारळ कुठल्या बाजूने फोडावा यावरून, काहीतरी बोलू लागली.

सार्थक जीपमध्येच राहिला. गरम लोखंड निवताना करकरत होतं. त्याने मोबाइल काढला, तिला ग्रुपमध्ये घेतलं आणि लिहिलं, ‘चुकलो. आरतींचा मेसेज बरोबर होता. वॉल काढू नका. हे ठाऊक असून मी तो उडवला.’ वाचून पाहिलं. एक शोभेचं विशेषण सुचलं, ते त्याने घातलं नाही. पाठवलं.

बराच वेळ काहीच आलं नाही, अंगठाही नाही. मग घोड नदीकाठच्या कुणा नवख्या जीपवाल्याने लिहिलं, ‘आरतीताई, माझा पण काढलाय. आता कसा बसवू?’

ताई. भाऊ नव्हे. पोटात ते गार पाणी होतं तिथेच होतं. आज मात्र त्याने ते जागेवर असू दिलं. देवळातून तिचा चढा आवाज येत होता. तो उतरला, आणि कुणीतरी विचारतं आहे हे तिला सांगायला पायऱ्या चढू लागला.